पंखा चालतो, मग कॉम्प्युटरच का बंद पडतो?

देवगड तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो:

‘मी घरूनच हिशेब लिहिण्याचं काम करते. काही आंबा बागायतदार, दोन किराणा दुकानं आणि एक मच्छी व्यापारी यांचं टॅली आणि जीएसटी माझ्याकडे असतं. घरात इन्व्हर्टर आहे. लाईट गेली की पंखा चालू राहतो, पण कॉम्प्युटर बंद पडून परत सुरू होतो. मार्चअखेरीला एका पार्टीचा डेटा त्यात बिघडला आणि दोन रात्री जागून परत भरावा लागला. संध्याकाळी शेजारच्यांचा पंप लागला की ट्यूब लुकलुकते. दुकानदार म्हणतो, एक केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस घ्या, कटकट मिटेल. मिस्टर म्हणतात, “इन्व्हर्टर आसा मा घरात, मगे आणखी खर्च कित्याक?” मुलगा म्हणतो, लॅपटॉप घेऊन टाक. तिघांपैकी कोणाचं ऐकू?’

ताई, तिघेही चुकीचं सांगत नाहीत, पण तिघे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. तुमचा प्रश्न तास-दोन तास वीज पुरवण्याचा नाही, ते काम तुमचा इन्व्हर्टर करतोच आहे. अडचण आहे ती लाईट गेल्यापासून इन्व्हर्टर जागा होईपर्यंतच्या क्षणाची, आणि त्या लुकलुकणाऱ्या ट्यूबची. या दोन्हीला पुरेल असा यूपीएस, म्हणजे लाईट जाताच स्वतःच्या बॅटरीवर कॉम्प्युटर चालू ठेवणारं यंत्र, छोटा असतो आणि ऑनलाइनच्या मानाने बराच स्वस्त असतो. पण बाजारात जाण्याआधी घरातच दोन-तीन गोष्टी तपासा. त्यांना पैसे पडत नाहीत.

आधी कारण सांगतो. लाईट गेली की इन्व्हर्टरच्या आतला रिले ‘टक्’ करून बॅटरीकडे वळतो. या वळण्याला वेळ लागतो. साध्या मोडवर बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना तीस-चाळीस मिलिसेकंद लागू शकतात. एवढ्यात पंख्याचं पातं थांबत नाही, एलईडी दिवा फार तर डोळा मिचकावतो. कॉम्प्युटरच्या डब्यातला एसएमपीएस, म्हणजे मेनची वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा भाग, मात्र विजेशिवाय पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद तग धरेल, इतक्याच हिशेबाने बनवलेला असतो. लोड कमी असेल तर थोडा जास्त टिकतो. पण डबा चार-पाच वर्षांचा असेल तर आतले वीज साठवणारे कपॅसिटर दमट हवेत आणि उष्णतेत म्हातारे झालेले असतात, आणि मग तेवढंही जमत नाही.

आता उठून इन्व्हर्टरची मागची बाजू बघा. बहुतेक इन्व्हर्टरवर एक छोटा सरकता स्विच असतो. एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’, ‘इको’ किंवा ‘वाइड’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो ‘यूपीएस’वर केला की वळण्याचा वेळ दहा-पंधरा मिलिसेकंदांवर येतो. सगळं काम सेव्ह करा, कॉम्प्युटर चालू ठेवा आणि इन्व्हर्टरला मेनची वीज देणारा स्विच बंद करा. पिन उपटू नका, पिन काढली की अर्थिंगही तुटतं. कॉम्प्युटर टिकला तर तुमच्या मिस्टरांचं म्हणणं खरं ठरलं आणि एक पैसाही खर्च झाला नाही.

पण तुमच्या पत्रातला शेजारचा पंप मला इथे आडवा येतो. यूपीएस मोडवर इन्व्हर्टर विजेच्या दाबाबाबत फार काटेकोर होतो. दाब साधारण १८० व्होल्टच्या खाली गेला की ‘लाईट गेली’ असं समजून तो बॅटरीवर येतो. आपल्याकडे वाडीच्या टोकाच्या घरांना संध्याकाळी १८० मिळायचीही मारामार असते. गणपतीत चाकरमानी आले, घरोघरी पंखे, मिक्सर, रोषणाई आणि पंप एकदम सुरू झाले, की बघायलाच नको. अशा वेळी तुमचा इन्व्हर्टर लाईट असतानाही बॅटरी खात बसेल आणि रात्री खरोखर लाईट गेल्यावर हात वर करेल. नॉर्मल मोडवर तो १०० व्होल्टपर्यंतचा दाब तसाच पुढे सोडतो. तिथे बॅटरी वाचते, पण कॉम्प्युटर पडतो. एकाच स्विचकडून दोन्ही कामं होत नाहीत, म्हणून तुम्हाला यूपीएस लागणार, असं माझं मत आहे. खात्री करायची तर वायरमनकडून किंवा स्वतः मल्टिमीटर लावून संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान दोन-तीन दिवस दाब मोजा. नियमाने २३० व्होल्टच्या सहा टक्के वर किंवा खाली, म्हणजे २१६ ते २४४ च्या आत दाब मिळायला हवा. रोज १७०-१८० दिसत असेल तर वाडीतल्या चार घरांनी मिळून महावितरणकडे लेखी तक्रार द्या. एकट्यादुकट्याच्या फोनने डीपी बदलत नाही.

एक धोक्याची खूण वेगळी काढून सांगतो. काही दिवे मंद होतात आणि त्याच वेळी घरातले किंवा शेजारचे दुसरे दिवे नेहमीपेक्षा जास्त झगझगतात, असं कधी दिसलं तर तो पंपाचा प्रकार नव्हे. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, सैल झाल्याची किंवा तुटल्याची ती खूण असते. किनाऱ्यावर खारं वारं पोलावरचे सांधे खातं, त्यामुळे हे घडतं. अशा वेळी काही घरांत दाब ३०० च्या पुढे, अगदी ४०० पर्यंत जाऊ शकतो. यूपीएस, स्टॅबिलायझर कशाच्याच भरवशावर राहू नका. मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा.

आता किती मोठा यूपीएस हवा ते बघू. दुकानदार डब्यातल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ वाचून एक केव्हीए, म्हणजे हजार व्हीए, सुचवतात. ४५० ही त्याची ऐपत झाली, खर्च नव्हे. हिशेबाच्या कामाचा साधा डेस्कटॉप ७०-१०० वॅट आणि एलईडी मॉनिटर २०-२५ वॅट घेतो. पटत नसेल तर घरच्या मीटरवरच मोजा. मीटरवर लुकलुकणारा लाल ठिपका असतो आणि शेजारी ‘३२००’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुक. फ्रिज, पंखे, दिवे, इन्व्हर्टर सगळं बंद करा, कॉम्प्युटर सरळ मेनच्या सॉकेटला लावा, टॅली उघडा आणि घड्याळ लावून मिनिटभर ठिपके मोजा. तुमच्या मीटरवर ३२०० असेल तर एका मिनिटातला एक ठिपका म्हणजे जवळपास १९ वॅट. सहा-सात ठिपके आले तर तुमचा संसार सव्वाशे वॅटचा आहे.

यूपीएसवर मोठ्या अक्षरात व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) लिहितात, वॅट मात्र बारीक अक्षरात. वाचायचे ते वॅट. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटचे असतात. तुम्हाला ते भरपूर झाले. त्यात १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) एक सीलबंद बॅटरी असते. नवी असताना सव्वाशे वॅटच्या लोडवर ती एकटीसुद्धा पंधरा मिनिटांच्या आसपास खेचते. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. व्हीए वाढले म्हणजे मिनिटं वाढलीच असं नाही. मिनिटं बॅटरीतून येतात. ८०० व्हीएच्या डब्यातही तीच एकुलती ७ एएचची बॅटरी असेल तर जास्त पैसे कशाचे देता, हे विचारा. पण तुमच्या घरात ही चर्चा तशी दुय्यम आहे, कारण यूपीएस इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावायचा आहे: मेन, मग इन्व्हर्टर, मग यूपीएस, मग कॉम्प्युटर. लाईट गेल्यावर यूपीएसने फक्त पापणी लवेपर्यंत सांभाळायचं, मग पुढचे तास इन्व्हर्टर बघतो. इन्व्हर्टर नॉर्मल मोडवरच राहू द्या.

यूपीएसवर ‘लाइन इंटरॅक्टिव्ह’ आणि ‘एव्हीआर’ (दाब आपोआप सावरणारी सोय) हे शब्द असायलाच हवेत. पंप लागून दाब १६० वर आला तरी असा यूपीएस बॅटरीला हात न लावता तो वर उचलून देतो. किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. सुरुवात १४० च्या आसपास असेल असाच घ्या. ज्या यूपीएसमध्ये एव्हीआर नाही तो तुमच्याकडे रोज संध्याकाळी बॅटरीवर येईल आणि वर्षभरात बॅटरी बसेल. एखाद्या दिवशी दाब १४० च्याही खाली गेला आणि यूपीएस बीप करू लागला, तर इन्व्हर्टरचा मेन स्विच हातानेच बंद करा. इन्व्हर्टर बॅटरीवर येईल आणि यूपीएस शांत होईल.

यात एक अडचण येऊ शकते. तुमचा इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे मेनसारख्या गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा असेल तर बरेच यूपीएस त्याची वीज स्वीकारतच नाहीत. इन्व्हर्टर चालू असून यूपीएस स्वतःच्या बॅटरीवर टुकटुकत राहतो आणि पंधरा मिनिटांत मान टाकतो. ओळखायचं सोपं आहे. लाईट गेल्यावर पंखा घूंऽऽ असा आवाज करू लागत असेल तर बहुधा स्क्वेअर वेव्ह. खोक्यावर किंवा बिलावर ‘प्युअर साइन वेव्ह’ (मेनसारखी गुळगुळीत लाट) असेल तर काळजी नाही. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा निघालाच, तर मात्र दोन बॅटऱ्यांचा १००० किंवा ११०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेऊन कॉम्प्युटर इन्व्हर्टरपासून वेगळाच ठेवा. तो अर्ध्या तासाच्या पुढे नेईल. तेवढ्यात काम गुंडाळता येतं.

खुद्द यूपीएसच्या साइन वेव्हबद्दलही दुकानात बोललं जाईल. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना ओबडधोबड वेव्ह देतात. साध्या एसएमपीएसला ती चालते. ‘ॲक्टिव्ह पीएफसी’वाले, म्हणजे मेनच्या लाटेला धरून वीज ओढणारे चांगले एसएमपीएस मात्र कधीकधी त्यावर कुरकुरतात किंवा बंद पडतात. तुमच्या डब्याच्या मागे ११५/२३० चा लाल स्विच असेल तर बहुधा जुना, साधा एसएमपीएस आहे, काही प्रश्न नाही. लाल स्विच नसेल आणि लेबलवर १००-२४० व्होल्ट किंवा ‘८० प्लस’ असेल, तर घेण्यापूर्वी डबा दुकानात नेऊन त्या यूपीएसवर लाईट घालवून बघा. जामसंड्याच्या बाजारापर्यंत डबा नेणं जिवावर येईल, पण घरी आणलेला यूपीएस परत द्यायला जाणं त्याहून जिवावर येतं.

ऑनलाइन यूपीएस चांगला नाही असं कोण म्हणेल? त्यात वीज सतत आतल्या इन्व्हर्टरच्या वाटेनेच जाते, वळण्याचा प्रश्नच येत नाही. पण तो त्यासाठी दिवसभर वीज खातो, गरम होतो, पंखा फिरवत बसतो आणि त्याच्या बॅटऱ्याही बहुधा दोन-तीन असतात, म्हणजे बदलायची वेळ येईल तेव्हा खर्चही तितकाच. दवाखान्यातल्या यंत्राला, सर्व्हरला तो लावावा. टॅलीला तो लावणं म्हणजे खाडी ओलांडायला आगबोट मागवण्यासारखं आहे. मुलाचं मात्र पुढच्या खेपेसाठी लक्षात ठेवा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, त्याला हे काहीच लागत नाही. आताचा डबा चालतोय तोवर चालवा.

आता अर्थिंग. हा विषय आला की लोक कंटाळतात, पण आपल्याकडे खरी रड इथेच असते. यूपीएसमधलं सर्जपासूनचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या दाबापासूनचं, संरक्षण जास्तीची वीज ढकलणार कुठे? बऱ्याच अंशी अर्थमध्ये. आणि आपल्या जांभ्यात खणलेला अर्थिंगचा खड्डा मार्च-एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडा पडतो. कॉम्प्युटर चालू असताना डब्याच्या मागच्या उघड्या पत्र्याला बोटाची उलटी बाजू लागली आणि मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही असं समजा. तपासायला म्हणून मुद्दाम हात लावू नका, मल्टिमीटर आहे. फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास फेज-न्यूट्रलएवढाच दाब दिसायला हवा, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्ट. आकडे भलतेच आले तर आधी वायरमनला पैसे द्या, यूपीएस पुढच्या महिन्यात घ्या. खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरून उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतलं तरी फरक पडतो.

आणि विजा. मेअखेरीस आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की कॉम्प्युटर, यूपीएस आणि राउटर यांच्या पिना काढून ठेवा, राउटरकडून येणारी लॅन केबलसुद्धा. जवळ पडलेल्या विजेला कोणताही यूपीएस पुरा पडत नाही. पिना काढायच्या त्या गडगडाट दूर असतानाच. डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावायचा नाही.

दुकानात गेलात की खोकं उघडायला लावा आणि बनवल्याचा महिना वाचा. सीलबंद बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, आणि सहा महिने बिनचार्जची पडलेली असेल तर तिचं निम्मं आयुष्य तिथेच गेलेलं असू शकतं. बॅटरीची वॉरंटी यूपीएसच्या वॉरंटीपेक्षा वेगळी आहे का ते विचारा. मागची सॉकेटं बघा: काहींना आपली साधी तीन पिन लागते, काहींना डब्याच्या मागे लागते तशी पिन, आणि मग मॉनिटरची वायर बसत नाही. कोणती कंपनी, हे तुम्ही विचाराल, पण मी नाव सांगत नाही. नावाजलेल्यांपैकी ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कणकवलीला किंवा कुडाळला आहे ती घ्या. दुरुस्तीसाठी कोल्हापूर गाठावं लागलं तर वॉरंटीचा कागद काय कामाचा? ६०० व्हीएचा साधारण अडीच ते चार हजारांत बसावा.

घरी आणल्यावर पहिल्यांदा सहा-आठ तास चार्ज होऊ द्या. ठेवायचा तो टेबलाखाली फरशीवर नको, समुद्राकडच्या खिडकीत नको आणि लाकडी कपाटात कोंडूनही नको. या बॅटऱ्यांना २५ अंश मानवतात. त्यावर दर दहा अंशांनी आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून आपल्याकडे दोन-तीन वर्षांत बॅटरी बदलायची तयारी ठेवायची, विक्रेता काहीही सांगो. पावसाळ्यात उबेला मुंग्या आणि पाली आत शिरतात. भोकं बुजवू नका, हवा लागते. फक्त भोवती खाण्याचे डबे आणि कागदांचे गठ्ठे नकोत. इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीचे टर्मिनलही या निमित्ताने बघा. पांढरट-हिरवी भुकटी साचली असेल तर वायरमनकडून साफ करून वर पेट्रोलियम जेली लावून घ्या. दोन-तीन महिन्यांतून एकदा काम सेव्ह करून यूपीएसच्या सॉकेटचा स्विच बंद करा आणि तो किती मिनिटं टिकतो ते वहीत लिहा. पंधराचे पाच झाले की नवी बॅटरी. बॅटरी पूर्ण निजेपर्यंत मात्र थांबू नका, त्यानेच ती मरते.

यूपीएसवर प्रिंटर लावू नका, लेझर तर मुळीच नाही. त्याचा हीटर एका दमात एवढी वीज ओढतो की यूपीएस ओरडून बंद होईल आणि कॉम्प्युटरही घेऊन जाईल. राउटर हवं तर लावा. ऐन २० तारखेला रिटर्न भरताना नेट गेलं तर चालू कॉम्प्युटरचा काय उपयोग? राउटर इन्व्हर्टरवर असूनही लाईट गेल्यावर रीस्टार्ट होत असेल तर त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो. राउटरचा अडॅप्टर किती व्होल्ट, किती अँपिअरचा आहे ते वाचून घ्या.

आणि डेटा. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’नंतर दापोली-मंडणगडकडे गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती, आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने तुमच्या किनाऱ्याला काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे. तेव्हा यूपीएस आणि इन्व्हर्टर दोन्ही सारखेच कोरडे. रोज काम संपताना टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, आठवड्यातून एकदा क्लाउडवर टाका, आणि पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. पार्टीचे कागद सांभाळता तसाच तोही सांभाळायचा.

जुनी बॅटरी निघाली की भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, आणि शिशाच्या बॅटरीला मोडीचे पैसेही मिळतात. नवीच्या बिलातून ते कापून घ्या. दुकानदार ‘मोड घेत नाही’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा, देवगडात एकच दुकान नाही.